तंबूला कडी नसते

तंबूला कडी नसते.
मग शेजाऱ्याने हाक कशी द्यायची?
तोंडवळीच्या खडशेरणीखाली पावत्या फाडता फाडता
बावीस वर्षं मी मुख्यतः हेच बघत आलोय.

सुरुवातीला लोक खाकरत.
चार पावलं अलीकडे थांबून,
घसा अगदी मोकळा असला तरी.
आतून आवाज येई, "या, या की."
मग मिठाची पुडी, कांदा, रॉकेलचं नरसाळं.
कराडच्या एका मास्तरांनी तर
शेजारचं अख्खं बिऱ्हाड जेवायला बोलावलं
आणि स्वतः बांगड्याच्या डोक्यावर भागवलं.
नऊला कंदील बारीक होत.
एकाने केला की दुसरा करी,
वाडीत एक कुत्रा भुंकला की पुढचा भुंकतो तसं.

गोड करून सांगत नाही.
हेच मास्तर तांब्या बुडवायच्या आधी
घागर कुणाची ते विचारत.
आडनाव कळलं की मग तहान लागे.
आणि कासवाची अंडी उकरून
स्टोव्हवर उकडणारेही तेच, खाकरून येणारे.
मीही खाल्लीत. दोनदा.

पुढे गाड्या थेट वाळूपर्यंत येऊ लागल्या.
डिकी उघडली की गाणं,
शेजारच्या डिकीत दुसरं गाणं,
आणि मधे समुद्र, कुणी न विचारलेला.
खात्याने फळा दिला, रंगाचा डबा दिला.
पहिल्या वर्षी मी एकच ओळ लिहिली.
मग दर पावसाळ्यानंतर एक वाढवत गेलो:
बाटल्या फोडू नयेत.
होडीवर चढून फोटो काढू नयेत.
विहिरीत साबण लावून उतरू नये.
फळा वाचला की कळे
मागच्या मे महिन्यात काय काय झालं.
वाचत कुणी नव्हतं म्हणा.
त्यावर टॉवेल मात्र छान वाळत.

वहीत नाव आहे: तेजल मगदूम, वय नऊ,
इचलकरंजी, तंबू सहा.
मी सहज बोललो होतो,
पांढऱ्या उजेडाने पिल्लं वाट चुकतात.
तिने पुष्पगुच्छाचा लाल जिलेटिन कागद
रबराने बॅटरीच्या तोंडाला बांधला.
बाप हसला. शेजारचे हसले.
पुढच्या फेब्रुवारीत तीन तंबू लाल.
आता नवखा कुणी पांढरा झोत मारला
तर चारी बाजूंनी "शू" येतं,
जणू ही चाल आजोबांपासूनची.
फळ्यावर ही ओळ मी कधी लिहिलीच नाही.
तेजल पुन्हा आली नाही.

मग ते तोंड बांधलेलं वर्ष.
मैदान बंद, खेकडे राजे.
उघडल्यावर पहिल्याच रात्री
एक जुने गृहस्थ सवयीने एका तंबूबाहेर खाकरले,
आणि आतली चेन
सर्रकन वरपर्यंत गेली.
ते तसेच उभे. हातात चहाचा थर्मास,
दोन कप.

आताची पोरं कचरा परत नेतात,
माझ्या मडक्यातलं पाणी काही न विचारता पितात,
मला "दादा" म्हणतात, साठीत.
शेजारी कोण उतरलंय ते त्यांना ठाऊक नसतं.
बरं की वाईट, पावतीवर तसा रकाना नाही.

परवा अमावस्येचं उधाण चढत होतं.
तंबू चार मागे घ्यायला सांगायला गेलो.
खाकरलो. काही नाही.
पुन्हा खाकरलो. आत कुजबुज थांबली फक्त.
तेवढ्यात पलीकडून एक मुलगा आला,
तंबू पाचच्या दाराशी वाळूवर
लाल उजेड दोनदा मिचकावला,
आणि चेन उघडून हात बाहेर आला,
माचिस घेऊन.
हे त्यांना कुणी शिकवलं?

माझ्या बॅटरीला कागद नव्हता.
मी तळवा काचेवर दाबून धरला,
बोटांमधून रक्ताचा रंग वाळूवर पडला,
उघडला, मिटला, उघडला.

"हां, कोण आहे?" आतून आलं.
पाणी तोवर टाचेला लागलं होतं.